दाव्याची गाठ

भेंडीवरचा मावा एका रात्रीत मेला. सुमेधाला खरं तर हरखून जायला हवं होतं, पण ती भेंडीच्या ओळीत उकिडवी बसली.

तिनं पान उलटं करून पाहिलं. चुलीमागच्या काजळीसारखा मावा पानाला चिकटला होता, बोट लावलं की झडत होता. माव्याचा चिकटा चाटायला चढलेल्या मुंग्या देठाच्या बेचक्यात आखडून पडल्या होत्या. खाली आळ्यात लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे भुंगे उताणे पडले होते. हे भुंगे मावा खातात. सुमेधा त्यांना आपले रोजदार म्हणायची, मजुरी न मागता राबणारे. त्यांचेही पाय वर.

कडुलिंबाचं पाणी असं मारत नाही. लिंब किड्याचं तोंड कडू करतो. किडा खायचं सोडतो, सुकतो, हळूहळू पान सोडून जातो. भुंग्याला तर त्याचा फारसा धक्काही लागत नाही. सांजच्याला मारलं आणि सकाळी सडा, हे लिंबाचं काम नव्हे.

तुराट्यांच्या कुडापलीकडून वंदना डोकावली. ती सुमेधाची चुलत जाऊ, वयानं मोठी. तीही परसात भाजी करायची आणि अंबडच्या बाजारात सुमेधाच्याच शेजारी पोतं अंथरून बसायची.

"काय गं सुमेधा, मंतर मारला का काय? माझ्या भेंडीचा पार चिकटा झाला अन् तुझी बघ, न्हाऊन बसल्यावाणी."

"काही न्हाई ताई. तेच, लिंबाचा पाला, लसूण, मिरची अन् गोमूत्र."

"तेच म्या बी केलं. मला दे की थोडं तुझ्या ड्रममधलं."

"सोमवारी बाया येऊन जाऊ द्या, मंग देते."

"व्हय, सोमवारी तुझा मान हाय," वंदना म्हणाली आणि कुडाआड झाली.

सोमवारी चार गावच्या बचत गटाच्या बाया सुमेधाची परसबाग बघायला येणार होत्या. औषध न मारता भाजी कशी पिकवायची, घरातले किडे कसे आवरायचे, हे तिनं त्यांना दाखवायचं होतं. दाखवण्यासारखं होतंही. पायल पोटात होती तेव्हापासून सुमेधानं घरात विषाची बाटली ठेवू दिली नव्हती. ज्वारीच्या कोठीत थराथराला लिंबाचा वाळला पाला, तुरीला चाळलेली राख, गोधड्यांच्या घडीत वेखंड, दिवेलागणीला धुपाटण्यात पाल्याची धुरी. सासरे तातेराव खोकत खोकत म्हणायचे, "मच्छर जातेत का न्हाई म्हाईत न्हाई, पर मी जाईन एखाद्या दिवशी."

"आई, बघ."

साडेतीन वर्षांची पायल वाळकाच्या वेलातून बाहेर आली. हातात काकडीसारखं लहानसं पिवळं वाळूक, त्याला उंदरानं कुरतडावं तसे दातांचे ठसे, हनुवटीवरून रस ओघळतोय. रोजचंच होतं हे. आज मात्र सुमेधानं झडप घालून ते वाळूक हिसकलं आणि कुडाकडं भिरकावलं. बोट घालून तिच्या तोंडातला घास काढला. पायल आधी चकित झाली, मग तिनं भोकाड पसरलं.

पिठाचे हात तसेच घेऊन सासू बेबीनंदा बाहेर आल्या. "लेकराच्या तोंडचा घास काढती का गं कुणी?"

"धुतलेलं नव्हतं, आत्या."

"आजवर कवा धुऊन खाल्लं तिनं?"

लिंबाखालच्या बाजेवरून तातेराव म्हणाले, "ये गं माझी पायली, गूळ देतो."

पायल रडं गिळून आजोबाकडं पळाली. सुमेधा बघत राहिली. हा गुळाचा लाड नवा होता. पायल भेंडीच्या ओळीकडं वळली रे वळली की तातेराव बाजेवरून हाक मारायचे. याआधी पोरगी दिवसभर मातीत लोळली तरी त्यांनी मान वर केली नव्हती.

ती ड्रमपाशी गेली. निळा प्लास्टिकचा ड्रम, तोंडावर गोणपाट आणि त्यावर सुतळी. ही सुतळी ती रोज पायलच्या रिबिनीसारखी बांधायची, एक टोक ओढलं की सुटेल अशी. आज टोक ओढलं तर गाठ आणखी आवळली. बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ होती. ती सोडवताना नखाखाली सुतळीचं कूस घुसलं.

गोणपाट काढल्यावर गोमूत्राचा आणि कुजल्या लसणीचा भपकारा आला. नेहमीचाच. पण तिनं मान खाली घालून पुन्हा वास घेतला, तेव्हा त्या भपकाऱ्याच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं. नाकाच्या शेंड्याला टोचणारं. कापूस फवारायच्या दिवसांत बद्रीनाथ पाटलाच्या रानावरून वारा आला की येतं तसं.

संध्याकाळी राजानंद जालन्याहून आला. तो सळईच्या कारखान्यात भट्टीवर होता. मनगटापर्यंत भाजलेल्या ठिपक्यांचे हात त्यानं रांजणातल्या पाण्यात बुडवले, तोवर सुमेधानं विचारलं, "तुमी ड्रमला हात लावला का?"

"मी? मला त्या वासानं जेवण जात न्हाई."

"कुणीतरी काहीतरी टाकलं त्यात."

"किडे मेले ना?"

"मेले. म्हणून तर."

राजानंद हसला. "किडे न्हाई मेले तर रडशील, मेले तर इचारशील का मेले. तुलाच शंकेचा किडा लागला, त्याला काही औषध हाय का बघ."

आत ताट वाढणाऱ्या बेबीनंदांनी ते ऐकलं. "मघाशी मला बी इचारत व्हती, ड्रमपाशी कोण गेल्तं म्हणून. मी काय इख घालीन व्हय गं घरात?"

"तसं न्हाई आत्या."

"मंग कसं?"

तातेराव भाकरी कुस्करत होते. त्यांची बोटं कापत, म्हणून कालवण ताटाबाहेर सांडे. 

सुमेधानं दुसऱ्या दिवशी परसातलं काहीच शिजवलं नाही. दुकानातून बटाटे आणले. "दारात हिरवं रान अन् सून बटाटे आणती," आत्या भिंतीला ऐकवल्यासारखं बोलल्या. वंदना लेकरासाठी भेंडी मागायला आली तर सुमेधानं सांगितलं, "कवळी हाय अजून." वंदनानं हातभर वाढलेल्या भेंडीकडं पाहिलं, मग सुमेधाकडं.

"नसंल द्यायची तर तसं म्हण ना. कवळी काऊन म्हणती?"

ती गेली. सुमेधाच्या मनात आलं, हिलाच सोमवार खुपतोय. कूड ओलांडला की ड्रम. बाजारात गिऱ्हाईक आपल्याकडं वळलं की हिचं तोंड उतरतं. बाया आल्या, त्यांनी भाजी नेली, कुणाला काही झालं, तर नाव कुणाचं जाईल? मग तिला वाटलं, पण मंग वंदनाच आपल्या लेकरासाठी भेंडी काऊन मागती? आणि मग पुन्हा वाटलं, आव बी आणीत असंल.

दुपारी पायल झोपली होती. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती, उशीवर रुपयाएवढा ओला डाग पडला होता. झोपेत लाळ कुणाच्या लेकराची येत नाही? पण सुमेधा बोट ओलं करून त्या डागाचा वास घेत बसली. दुधाचा वास होता. ती पुन्हा घ्यायला वाकली.

मोरीच्या दगडावरून तांबड्या मुंग्यांची रांग जात होती. सुमेधानं एका वाटीत ताज्या पाल्याचा रस पिळला, दुसऱ्या वाटीत ड्रममधलं पाणी घेतलं. ताज्या रसाची रेघ रांगेवर आडवी ओढली. मुंग्या रेघेपाशी थबकल्या, मिशा हलवल्या, मागं वळल्या आणि लांबून वळसा घालून गेल्या. मग तिनं पलीकडं दुसरी रेघ ओढली, ड्रमची. पहिली मुंगी रेघेत शिरली ती तिथंच गोल गोल फिरली आणि आडवी झाली. मागच्या तिच्यावर चढल्या आणि तशाच राहिल्या.

सुमेधानं दोन्ही हात कोपरापर्यंत राखेनं घासून धुतले. कुणी टाकलं ते कळल्याशिवाय बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं.

शनिवारी तिला बद्रीनाथ पाटलाच्या कापसात खुरपायला जायचं होतं. निघण्याआधी तिनं चुलीतली राख चाळून ड्रमभोवती गोल टाकली. मुंग्या, गोगलगायी अडवायला ती राख नेहमीच टाकायची, त्यामुळं कुणाला वेगळं वाटणार नव्हतं. तिनं सुतळीला रिबिनीची गाठ मारली आणि पायलला आत्यांच्या स्वाधीन केलं.

"परसात जाऊ देऊ नका तिला."

"आता परसात बी बंदी!"

कापूस कंबरेला लागत होता. ऊन पाठीवर बसलेलं, पदराखाली मान भिजलेली. सुमेधा वाकून खुरपत होती तेव्हा बद्रीनाथ बांधावर येऊन उभा राहिला. गोरा, थुलथुलीत, पांढऱ्या टोपीचा माणूस. तातेरावांनी जन्मभर याच्याच कापसावर पंप मारला होता.

"सुमेधाबाई, सोमवारी म्हणे तुमच्याकडं पाहुणे?"

"व्हय."

"पाल्याच्या पाण्यानं किडे मारता म्हणे. तातेरावाला म्हणलं मी मागल्या हप्त्यात पारावर, तात्या, तुझी सून पाल्यानं किडे मारती, मंग तू चाळीस वर्षं माझ्या रानात पाठ भाजून घेतली ती काऊन?" तो मोठ्यानं हसला. पातीवर खुरपणाऱ्या दोघी-तिघीही हसल्या, मालक हसला म्हणून. "तोंड बघायला पाहिजे व्हतं त्याचं."

सुमेधाचं खुरपं कापसाच्या बुडाला लागलं. झाड कलंडलं. तिनं ते घाईनं मातीत दाबून उभं केलं.

डोकं दुखतंय असं सांगून ती दुपारीच निघाली. बांधाबांधानं चालताना तिला तातेरावांची पाठ दिसत होती. अंघोळीला बसले की दिसायची ती. गळका पंप वाहून खांद्यामागच्या दोन्ही खवाट्यांच्या मधली कातडी जुन्या चामड्यासारखी काळी, चकाकती झालेली. त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं. आणि आत्यांनी मागं एकदा सहज सांगितलं होतं, यांना वास येत न्हाई, दूध उतू जाऊन करपलं तरी कळत न्हाई.

घरी आली तर ड्रमभोवतीची राख एका बाजूनं तुटली होती. सुतळीला दाव्याची गाठ होती.

ओट्याच्या पायरीशी तातेरावांच्या चपला पडल्या होत्या. अंगठ्याच्या जागी पांढरी राख.

ते बाजेवर बसून तंबाखू मळत होते. आत आत्या पायलला थोपटत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा एकसुरी आवाज येत होता.

"मामा, ड्रमपाशी गेल्ते का?"

"म्या कशाला जाऊ?"

"चपलंला राख लागली."

तातेरावांनी चपलेकडं पाहिलं. "लागली असंल."

"काय टाकलं?"

"काही न्हाई."

"मामा, पायल वाळकं खाती."

तळहातावरची तंबाखू खाली सांडली. "वाळकं? वाळकावर कुठं मारती तू? भेंडीवरच मारती ना? भेंडी शिजती. भेंडीपाशी म्या तिला जाऊच देत न्हाई."

"सगळ्यावर मारते. वाळकावर, वांग्यावर, दारातल्या तुळशीवर. लिंबाचं पाणी हाय म्हणून मारते, मामा."

ते उभे राहिले आणि परत बसले. "झाकणभर टाकलं. दोनदा. एवढ्याशानं काय व्हतं? म्या बादल्या वाहिल्या पाठीवर. काय झालं मला?"

 सुमेधा ड्रमकडं गेली, वाटीत पाणी घेऊन आली आणि त्यांच्या नाकापुढं धरली.

"वास घ्या."

तातेरावांनी वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांच्या गळत्या डोळ्यांखालची कातडी हलली.

"येतो का?"

त्यांनी मान फिरवली. तसेच म्हणाले, "बाया हसल्या असत्या तुला. मावा तसाच व्हता. पाल्याचं पाणी मारून मारून तुझे हात सोलले, मावा जाईना. म्हणलं सोमवार निभू दे." मग आवाज खाली गेला. "अन् पाल्यानं जर काम व्हत असंल सुमेधा, तर म्या पाठ कशापायी जाळली गं?"

 तिनं वाटी खाली ठेवली.

"बाटली कुठं हाय?"

"लिंबाच्या ढोलीत."

तिनं बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, निजलेली पायल उचलून खांद्यावर टाकली आणि फाट्यावर येऊन अंबडची एसटी धरली. तातेराव मागं मागं फाट्यापर्यंत आले. पाय ओढत, अनवाणी. गाडी हलली तरी तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं. पायलच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली, जिभेखाली पाहिलं. संध्याकाळपर्यंत तिथंच बसवून ठेवलं. शेवटी म्हणाल्या, "आता तर बरी दिसतीय. उलटी, लाळ, घाम, धाप, काहीही वाटलं तर जल्दी घेऊन या. अन् त्या बागेतलं पानसुद्धा तोंडात जाऊ देऊ नका."

"पुढं काही व्हणार न्हाई ना?"

"लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या. 'न्हाई' म्हणाल्या नाहीत. परतीच्या गाडीत सुमेधा पायलच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत होती आणि टिपलेला पदर उजेडाकडं धरून बघत होती.

रविवारी सकाळी तिनं कंबरेला पदर खोचला आणि भेंडीचं पहिलं झाड उपटलं. राजानंद दारात उभा होता. त्याला रात्रीच सगळं कळलं होतं. तो बापाशी बोलला नव्हता.

"सोमवारी काय दाखवशील?" त्यानं विचारलं.

"माती."

भेंडी गेली, वांगी गेली. वाळकाचा वेल ओढताना पानांखाली लपलेली लहान लहान वाळकं निघत राहिली, लेकराच्या मुठीएवढी, फुलाची टोपी अजून डोक्यावर असलेली. तेव्हा तिचा हात थांबला. मग तिनं डोळे मिटून वेल ओढला. तुळससुद्धा काढली.

मागं टिकावाचा आवाज आला. पार कोपऱ्यात, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, तातेराव खड्डा खणत होते. दोन घाव घातले की टिकावाच्या दांड्यावर रेलत, धाप जिरवत, पुन्हा घाव घालत. राजानंद काही वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं जाऊन बापाच्या हातातून टिकाव काढून घेतला.  तातेराव बाजूला बसून हातानं माती ओढत राहिले. वेल, झाडं, ड्रमचं पाणी सगळं त्या खड्ड्यात गेलं. वर दगड ठेवले, बोराटीचे काटे टाकले, शेरडं येऊ नयेत म्हणून.

सोमवारी बाया आल्या. "जय भीम, सुमेधाताई," म्हणत आल्या आणि परसात येऊन थबकल्या. उकरलेली माती, मधोमध ती, कडेवर पायल.

"बाग कुठं हाय?" एकीनं विचारलं.

"काढून टाकली. ड्रममधी औषध पडलं व्हतं. मला बाजारात बिनऔषधी म्हणून इकायचं व्हतं."

"पडलं का टाकलं?" दुसरी म्हणाली. "कुणी टाकलं?"

दोघी-तिघींनी कुडाकडं पाहिलं. कुडापलीकडं वंदना उभी होती. तिचा चेहरा ताठ झाला. सुमेधाला घरातलं घरात ठेवता आलं असतं. पण ती नजर आधी तिच्याच डोळ्यांतून निघाली होती.

"वंदनाताईंनी न्हाई," ती म्हणाली. "मला शंका व्हती, मी खोटी ठरले. घरातूनच झालं. नाव इचारू नका."

बाजेवर कुणी नव्हतं. पण बाजेकडं सगळ्यांनी पाहिलं.

बायांनी ज्वारीची कोठी बघितली, राखेतली तूर हातात घेऊन चाळवली, वेखंड हुंगलं. एकीनं विचारलं, "ह्यात तर काही पडलं न्हाई ना?" सगळ्या हसल्या. सुमेधा हसली नाही. बाया गेल्यावर तिनं कोठीतली पसाभर ज्वारी मुंग्यांपुढं टाकून पाहिली. मुंग्या दाणे ओढून नेऊ लागल्या, तेव्हा ती उठली.

दिवेलागणीच्या आधी वंदनानं कुडावरून एक कान तुटलेला रांजण पुढं केला. "ड्रम तर फेकला ना. घे. अन् आता भेंडी कवळी हाय म्हणू नको, झाडच न्हाई तुझ्याकडं."

नवा पाला भिजवला. रांजणाला गोणपाट, गोणपाटाला सुतळी, सुतळीला रिबिनीची गाठ. सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीनं ढवळायचं असतं, नाहीतर वर बुरशी धरते. सुमेधा स्वतः ढवळायची, काठी घरात आणून ठेवायची. तातेराव आता परसात येत नसत. पायलला गुळासाठी हाक मारत नसत. ती आपणहून गेली की तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या डोळ्यांत बघत बसत, काहीतरी शोधल्यासारखं.

पायलला एकदा सर्दीनं ताप भरला. सुमेधा रात्रभर तिचा श्वास ऐकत जागी राहिली, सकाळी उठायला उन्हं वर आली. धावत परसात गेली. सुतळीला दाव्याची गाठ होती.

तिनं नखांनी सुतळी ओढली. गाठ सोडवली. गोणपाट काढलं. पाणी ढवळलेलं होतं, अजून गोल फिरत होतं, काठी कडेला धुऊन उभी केली होती. वाकून वास घेतला. गोमूत्र, लसूण, पाला. पुन्हा घेतला. तिला आपल्या नाकाचाही भरवसा वाटेना.

वाटी भरून ती मोरीच्या दगडापाशी बसली. रांग चालूच होती. तिनं रेघ ओढली.

पहिली मुंगी रेघेपाशी आली. थांबली. मिशा हलवल्या.

पाठीमागं पाय ओढल्याचा आवाज आला आणि बराच लांब थांबला. खोकून तातेराव म्हणाले, "तू निजली व्हती. बुरशी धरली असती म्हणून ढवळलं." मग एक पाऊल पुढं आले. "मेल्या का गं?"

मुंगी मागं वळली. तिच्यामागची वळली. मग सगळी रांग कडेकडेनं, दगडाचा काठ धरून लांब निघून गेली. शेवटची मुंगी दिसेनाशी होईपर्यंत सुमेधा बघत राहिली.

"न्हाई मामा," ती म्हणाली. "गेल्या. जित्या गेल्या."